विकार कमी पडतो

शिकवणी घेणाऱ्या माणसाने संशयी असावं, असं माझं पहिल्यापासून मत आहे. विद्यार्थी "समजलं, सर" म्हणतो तेव्हा त्याला समजलेलं नसतं. पालक "सवडीने या" म्हणतात तेव्हा येऊ नका असं सुचवत असतात. आणि कवी "तुझ्यावाचून मी जगणार नाही" असं लिहितो तेव्हा तो हटकून पांढरी दाढी राखून, चांगला म्हातारा होऊन मरतो. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे व्यवसायातल्या आठवणी मागितल्या, तेव्हासुद्धा पहिलं मनात आलं ते हेच की कुणीतरी मोठ्या लेखकाने ऐन वेळी यांना टांग दिलेली दिसते. तरी लिहायला बसलो. ज्यांना हे वाचून वाईट वाटलं असतं ती माणसं आता राहिली नाहीत, आणि जिची ही गोष्ट आहे तिने "लिहा" म्हटलं आहे.

पन्नासच्या दशकात मी अंबरनाथला राहत असे आणि सायकल मारत उल्हासनगरच्या कॅम्पात जाऊन इंटर आणि बी.ए.च्या मुलांना इंग्रजी शिकवत असे. लढाईच्या वेळी सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना राहायला दिल्या होत्या. त्यातल्या एका बराकीचा अर्धा भाग माझा वर्ग आणि अर्धा भाग एका कुटुंबाचं घर. मध्ये गोणपाटाचा पडदा. माझं शिकवणं पलीकडे ऐकू जाई आणि पलीकडची फोडणी आमच्या नाकात येई. वर्गात मुलगे डावीकडे, मुली उजवीकडे. मुलींपैकी बऱ्याच जणी कॉलेजात न जाता घरी बसून परीक्षा देणाऱ्या होत्या.

त्या काळी पेपरात एक प्रश्न शब्द फिरवून फिरवून येई: व्हिक्टोरियन कवितेत प्रेम आणि उत्कटता यांचं चित्रण कसं झालं आहे? हा प्रश्न म्हणजे आमची भाकरी. मी त्यावर वर्षानुवर्षं बोललो आहे आणि मला त्या कवींचा पूर्ण विश्वास कधीच वाटला नाही. त्यांची प्रेयसी एक तर वारलेली असते, नाहीतर दुसऱ्याची बायको झालेली असते, नाहीतर लांब कुठेतरी खिडकीत उभी असते. समोर बसून चहा पिणाऱ्या बाईवर त्यांनी कविता केल्याचं माझ्या फारसं पाहण्यात नाही. प्रेम सरळ सांगायची त्यांना लाज, म्हणून मग हातमोजा, सुकलेलं फूल, केसांची बट. काही कवितांत नवरा इतका गोड बोलतो की पुढे त्या बायकोचं काय झालं असेल या विचाराने आपल्यालाच घाम फुटावा. म्हणून पहिल्या दिवशी मी फळ्यावर काही लिहिण्याआधी सांगत असे, "कवितेत बोलणारं माणूस आणि कवी एक नसतात. जो बोलतोय त्याच्यावर संशय घ्या."

संशय घेणारे मात्र आमच्यापेक्षा तरबेज बाहेर होते. सावंत नावाचा माझा एक विद्यार्थी अंबरनाथच्या एका कारखान्यात कारकून होता. तिथे फाटकावर जेवणाचा डबासुद्धा उघडून बघत. एके दिवशी त्याच्या पिशवीत इंग्रजी कवितेचं पान सापडलं. वृत्त ओळखायला मुलं ओळींवर लघु-गुरूच्या खुणा करतात, तशा त्याने केल्या होत्या: आडवी रेघ, वाटी, रेघ, वाटी. तारायंत्राची सांकेतिक भाषा! पहारेकऱ्यांनी सावंतला बसवून ठेवलं आणि मला बोलावणं आलं. सुरक्षेचे साहेब गंभीर होते.

"हा मजकूर कोणाला उद्देशून आहे?"

"एका स्त्रीला, साहेब."

"ती राहते कुठे?"

"ती वारली आहे. तिसऱ्या कडव्यात."

मेलेल्या बाईशी इतकं लांबलचक कोण बोलतं, ही साहेबांची शंका मला मनापासून पटली. सावंतला त्यांनी सोडलं, कविता मात्र ठेवून घेतली.

आता ईश्वरीचं सांगतो. ईश्वरी परसरामजींची मुलगी. परसरामजींचं कॅम्पात कापडाचं दुकान होतं. मूळचे शिकारपूरचे. मुलगी हुशार, तिला बी.ए. होऊन शाळेत शिक्षिका व्हायचं होतं. घरात मात्र तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. परीक्षेपर्यंत थांबायचं परसरामजींनी कबूल केलं होतं, पण ते कबूल करणं पातळ होतं, हे ईश्वरीलाही माहीत होतं आणि मलाही. जरा काही निमित्त झालं असतं तर परीक्षा राहिली असती आणि मांडव पडला असता.

मी तेव्हा बिनलग्नाचा होतो. त्यामुळे ईश्वरीबरोबर वर्गात तिची आजी येऊन बसे. सगळे त्यांना अम्मा म्हणत. अम्मांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. त्या स्टुलावर बसून मांडीवरच्या ताटातली डाळ निवडत आणि माझ्या तोंडाकडे बघत. मास्तरचा चेहरा बदलला तर कविता वाईट, असं त्यांचं साधं गणित होतं. त्यामुळे मी जगातल्या उत्तम प्रेमकविता रेशनच्या दुकानातली पाटी वाचावी तशा वाचत असे. यात कवितांचं फार नुकसान झालं, असं मला वाटत नाही.

ईश्वरीची उत्तरं स्वच्छ असत. इतकी स्वच्छ की मला शंका येई. गाइडातून उतरवलेलं उत्तर मला वासावरून कळतं. पण ही उतरवत नव्हती, ही जपून लिहीत होती. प्रेमाविषयी लिहिताना दारात चप्पल काढून आत यावं तशी दबकत दबकत लिहायची. परीक्षा जवळ आली तसा माझा धीर सुटला.

आता एक शब्द समजावून सांगायला हवा. आम्हाला ज्या मास्तरांनी शिकवलं ते 'पॅशन'ला 'मनोविकार' म्हणत. जुन्या मराठी टीकेत तोच शब्द असे, 'भावना' त्यांना पाणचट वाटे. मी घाईघाईत 'मनो' गाळून नुसतं 'विकार' म्हणत असे. वर्गात सिंधी मुलं अधिक, म्हणून बोलणं माझ्या हिंदीत. माझी हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' जोडलेला. तर त्या दिवशी ईश्वरीचं उत्तर परत देताना मी खणखणीत आवाजात म्हणालो,

"जवाब ठीक है, लेकिन विकार कम पड़ता है. तुम्हारे अंदर विकार है, मुझे मालूम है. उसको बाहर आने दो. शरमाओ मत!"

माझा चेहरा नेहमीसारखाच कोरडा होता, त्यामुळे अम्मांनी ताटातून मान वर केली नाही. पण गोणपाटाच्या पलीकडे फोडणीचा आवाज एकदम थांबला.

सिंधी लोकांच्या देवळाला टिकाणा म्हणतात. तिथे रोज सकाळी सांगत की काम, क्रोध, लोभ, मोह, अहंकार हे पाच विकार माणसाने सोडावेत. पलीकडच्या बाई रोज न चुकता टिकाण्यात जात. त्यांनी ऐकलं ते हे की मराठी मास्तर परसरामच्या जवान मुलीला म्हणतो, तुझ्यातली वासना बाहेर येऊ दे, लाजू नकोस. दुपारी ही बातमी दुकानांच्या रांगेत पोचली. संध्याकाळी अंबरनाथला आमच्या आळीतल्या दवाखान्याचा कंपाउंडर मला आडवा आला. त्याने तीच बातमी मराठीत ऐकली होती.

"मास्तर, तुमच्या वर्गातल्या त्या मुलीला विकार आहे म्हणे? फुफ्फुसाचा की हृदयाचा? लग्नाची बोलणी चालली आहेत ना तिची, सांगायला नको का त्या लोकांना?"

म्हणजे कॅम्पात पाप आणि अंबरनाथमध्ये रोग. एका शब्दाने मुलीला दोन्हीकडून घेरलं होतं. दुसऱ्या दिवशी ईश्वरी आली नाही, अम्माही आल्या नाहीत. स्टूल रिकामं होतं. वर्गातली मुलं माझ्याकडे बघत होती आणि ती काय विचार करत होती याची मला पुरती कल्पना होती. मी घाबरलो होतो. माझी शिकवणी बंद पडली असती हे एक झालंच. पण माझ्या जुनाट शब्दापायी त्या मुलीची परीक्षा जाणार, याने मला झोप लागेना.

दोन-तीन दिवसांनी परसरामजींचा निरोप आला: घरी या. दुपारची वेळ होती. बराकीत खाटेवर परसरामजी, शेजारी टिकाण्यात रोज सकाळी प्रवचन सांगणारे भाईसाहेब. कोपऱ्यात कुलूप घातलेली पत्र्याची ट्रंक आणि तिच्यावर अम्मा. त्या ट्रंकेवरून कॅम्पात बरीच कुजबुज होती. अम्मा किल्ली कुणाला देत नसत, म्हणून आत सोनं आहे असा सगळ्यांचा समज. घरचे म्हणत की आत ईश्वरीच्या आजोबांचा कोट आहे. ईश्वरी दाराला टेकून उभी होती. डोळे सुजलेले होते, पण मान खाली नव्हती.

"साईं," परसरामजी म्हणाले, "आपने हमारी लड़की को क्या बोला?"

मी 'विकार' समजावून सांगायला लागलो आणि अधिकच रुतत गेलो. शेवटी म्हणालो, "विकार याने... दिल में जो जोर से आता है. जज़्बात!"

"तो जज़्बात बोलो ना! विकार कायको बोलते हो?"

"वो छोड़ो," भाईसाहेब शांतपणे म्हणाले. "कविता में क्या लिखा है, वो बताओ. फिर देखेंगे."

उत्तर ज्या कवितेवर होतं ती एका बाजूला पडलेल्या कवीची होती. नाव सांगून कुणी ओळखणार नाही. नवरा समुद्रापार गेला आहे, त्याची खबर नाही. बायको दर महिन्याला त्याचा कोट पेटीतून काढते, उन्हात टाकते, झटकते, घडी करून परत ठेवते. संबंध कवितेत प्रेम हा शब्द नाही. शेवटच्या कडव्यात ती कुणी बघत नाही असं पाहून कोटाच्या बाहीत आपला हात घालते, एवढंच. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "एक बाई है. उसका आदमी परदेस गया है..."

"बाई?" परसरामजी ताडकन उठले. "कोठेवाली?"

मराठीत बाई म्हणजे घरंदाज, मास्तरीण, देवीसुद्धा बाईच. यांच्या कानात तीच बाई घुंगरू बांधून आली. आता संपलं, असं मी मनात म्हणालो. तेवढ्यात ईश्वरी दारातून पुढे आली.

"बाबा, मैं बताती हूँ."

ती सिंधीत बोलू लागली. मला सिंधी दुकानापुरतं येत होतं. पण माझ्या लक्षात आलं की ती फार लांबण लावते आहे. कविता एवढी मोठी नव्हती. मग 'कोट' ऐकू आलं, ते ठीक होतं. मग 'कराची' ऐकू आलं. मग 'शिकारपुर' ऐकू आलं, आणि मी सावध झालो. माझ्या कवितेत शिकारपूर नव्हतं.

परसरामजींचे वडील दुकान आणि घर सांभाळायला मागे राहिले होते. बायकामुलांना बोटीत बसवून देताना गारठा होता म्हणून त्यांनी आपला ओव्हरकोट अम्मांच्या अंगावर घातला. दोन महिन्यांत येतो म्हणाले. आले नाहीत आणि त्यांच्याविषयी कुणी काही सांगूही शकलं नाही. हे कॅम्पात सगळ्यांना माहीत होतं, तसं मलाही. घरात मात्र त्याचा उच्चार कुणी करत नसे, असं ईश्वरीने मला पुढे कधीतरी सांगितलं. त्या दुपारी तिने तो केला. ती एका बाजूने अर्थ सांगत होती आणि दुसऱ्या बाजूने तिने आपल्या आजीला त्या कवितेत नेऊन बसवलं होतं. तिने हवेत हात लांब केला आणि बाहीत घातल्यासारखा हळूच पुढे सरकवला. दबकत लिहिणारी हीच मुलगी का, असं मला वाटलं.

परसरामजींनी तोंडावरून हात फिरवला. मग ते आईकडे वळले आणि हलक्या आवाजात काहीतरी विचारलं. प्रश्न मला कळला नाही. अम्मा ट्रंकेवर तशाच बसल्या होत्या. त्यांनी आधी नातीकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"हा, पुट," अम्मा म्हणाल्या. हो, बाळा. एवढं मला कळलं.

परसरामजी बाहेर गेले. बादलीतलं पाणी तोंडावर मारल्याचा आवाज आला. आत आल्यावर ते म्हणाले, "कल से आएगी. इम्तिहान देगी. लेकिन साईं, वो लफ़्ज़ दुबारा नहीं बोलना." भाईसाहेबांनी मान हलवली आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी ईश्वरीला खोदून विचारलं, "तू नेमकं काय सांगितलंस?"

"मतलब ही बताया, सर," ती म्हणाली. "आप ही बोलते हो ना, बोलनेवाला और कवी एक नहीं होते."

परीक्षेत ती चांगली पास झाली आणि कॅम्पातल्या एका शाळेत लागली. लग्न पुढे तिच्या पसंतीने झालं. मी मनातून फुशारलो होतो. माझ्या कवितेने, नव्हे माझ्या शिकवण्याने बापाचं मन वळवलं, असं मी मित्रांना सांगतही असे. संशयी माणूस स्वतःच्या बाबतीत किती भोळा असतो पाहा.

मग एकदा शाळेच्या समारंभात अम्मा भेटल्या. ईश्वरी स्टेजवर मुलींना रांगेत उभं करत होती. मी अम्मांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो आणि विचारलं, "अम्मा, त्या दिवशी परसरामजींनी तुम्हाला काय विचारलं होतं?"

"पूछा, अम्मां, तू सच में ऐसा करती है? कोट निकालती है, धूप देती है, हाथ डालती है?"

"आणि तुम्ही हो म्हणालात."

अम्मा स्टेजकडे बघत राहिल्या. "कोट किधर है, साईं? वो तो पहली सर्दी में गया. ये छोकरी को मियादी बुखार था. कैंप में बच्चे मर रहे थे. दवा बाज़ार से लानी थी, परसराम काम ढूँढने बम्बई में था. मैंने कोट एक आदमी को दे दिया, दवा के बदले. ट्रंक में दो ईंट और पुरानी रज़ाई है, वज़न के लिए."

अम्मांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, वर्गात बघत तसं.

"मैं ना बोलती तो इम्तिहान जाता. बाप की निशानी गई, ये भी परसराम को पता चलता. तो हा बोल दिया. छोकरी को मत बताना. ख़बरदार!"

मी शब्द पाळला. पुढे बऱ्याच वर्षांनी अम्मा गेल्या. दहाव्या-बाराव्या दिवशी ईश्वरी माझ्याकडे अंबरनाथला आली. तोवर ती छान मराठी बोलू लागली होती. चहा तसाच ठेवून म्हणाली, "सर, काल मी एकटीने ट्रंक उघडली. बाबांना कोट हवाय, ते रोज मागतात. आत विटा आहेत. अम्मा खोटं बोलल्या, सर. माझ्या कवितेसाठी त्या खोटं बोलल्या. मग कोट गेला कुठे?"

मी तिच्याकडे पाहिलं. ख़बरदार म्हणणारी आता नव्हती, आणि आजी खोटारडी होती असं मनात घेऊन ही मुलगी घरी जाणार होती. मी विचारलं, "तुला लहानपणी मुदतीचा ताप आला होता, आठवतं?"

"मियादी. केस गेले होते सगळे." ती हे म्हणाली आणि थांबली. मला पुढे काही सांगावं लागलं नाही. ती पदर तोंडात धरून रडली, मीही रडलो. आयुष्यभर उत्कटता शिकवली, पण ती समोर आली तेव्हा तिला कुठला शब्द द्यावा हे मला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर शब्द द्यायची इच्छाही झाली नाही.

जाताना मी विचारलं, "परसरामजींना काय सांगणार?"

"विटा मी घरामागे टाकून दिल्यात," ती म्हणाली. "सांगेन की अम्मांनी कोट मला दिला होता, आणि माझ्या हातून तो हरवला."

परसरामजी तिच्याशी वर्षभर बोलले नाहीत.